दाण्यांची पेंढी

प्रज्ञा, तुझा तो निळा कॅन अजून माझ्या प्रयोगशाळेत आहे. म्हणजे कॅन आहे, आतलं पाणी परवा संपलं. कशात संपलं ते तुला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तू जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आणि मला मात्र तुझ्याशी नेहमीच्या आवाजातच बोलायचं आहे. हळू आवाजात आपण दोघी कधी बोललो होतो, सांग बरं.

तुझ्या जलदान विधीला मी माहूरला आले होते. लातूरहून पहाटेची गाडी, नांदेडला बदल, आणि मग ते तुझं लाडकं, वळणावळणाच्या घाटरस्त्याचं शेपूट. तुझ्या बाबांनी पांढरा सदरा घातला होता. भंतेजी गाथा म्हणत होते आणि बाबा तांब्यातून वाटीत पाणी सोडत होते. वाटी भरली, पाणी काठावरून खालच्या ताटात सांडायला लागलं, तरी धार चालूच. तशीच रीत आहे, हे मला माहीत आहे. पण माझ्या मनात काय आलं, ते तुलाच सांगते. वाटलं, आता प्रज्ञा पुढं होऊन म्हणेल, ‘ताटातलं फेकू नका, लागते.’ आणि तिथं, सगळ्या लोकांत, मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तुझ्या आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं पातेलं धुता धुता, माझ्याकडं न बघता विचारलं, “सुलभा, एक विचारू का? तुमचं ते भांडन मिटलं का न्हाई?”

“कोणतं, माय?”

“काड्यायचं अन् जुड्यायचं. दवाखान्यात बी तेच सांगून राहिली होती. मी म्हनलं, जाऊ दे ना बाई, ती म्हनते ते खरं म्हन एकडाव. त मने, न्हाई. सुलभीला सांग, करून पाहाय.”

मी म्हटलं, पाहते. दुसरं काय म्हणणार? तुझ्या आईपुढं मी आजवर कधी वाद घातलेला नाही, ते काम तू करायचीस.

खरं तर मला काही करायची गरज नव्हती. आपला शोधनिबंध गेली कित्येक वर्षं एका वाक्यावाचून अडला होता. शेवटचं वाक्य, निष्कर्षाचं. तू एक म्हणायचीस, मी दुसरं. आता तू नाहीस, म्हणजे मी माझं वाक्य लिहून पाठवून दिलं असतं तर जगात कोणी हरकत घेतली नसती. गाडीत परतताना हे माझ्या डोक्यात आलं, आणि इतका राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. आयुष्यभर समोर उभी राहून भांडलीस, आणि ऐन निकालाच्या वेळी मैदान सोडून गेलीस. असं जिंकणं मला नको आहे.

त्या उन्हाळ्याचं मला सगळं आठवतं. लातूरच्या नळांना पाणी यायचं बंद झालं होतं. पुढं तर शहरासाठी रेल्वेनं पाणी आलं. आमच्या महाविद्यालयातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद ठेवलं होतं, कारण एक बाटली शुद्ध पाणी काढायला ते यंत्र थंड ठेवण्यासाठी बादल्याच्या बादल्या मोरीत सोडाव्या लागतात. आणि आपलं काम तर सगळं धुण्याचं. लोखंडाच्या क्षारात अमोनिया ओतला की काळे कण तयार होतात, इतके बारीक की डोळ्यांना नुसती शाई दिसावी. मग खाली चुंबक धरायचं, काळं तळाला ओढून घ्यायचं, वरचं पाणी काढून टाकायचं, नवं ओतायचं. पुन्हा, पुन्हा. कणांसोबत तयार झालेला सगळा नवसागर निघून जाईपर्यंत. शेवटी हाती येतं ते काळं, तेलासारखं द्रव. चुंबक जवळ नेलं की घट्ट होतं, काढलं की पुन्हा पातळ.

तू नांदेडच्या तुझ्या महाविद्यालयातून शुद्ध पाणी आणायचीस. निळे कॅन, एसटीच्या सीटखाली. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत यायचीस आणि कोणी कंडक्टर कुरकुरला तर सांगायचीस, “दादा, बाप कंडक्टरच हाये माझा. सामानाचा कायदा मले नका शिकवू.” चाकूर माझं गाव. एकदा स्टँडवर माझ्या भावानं तुला बघितलं आणि मला फोन करून विचारलं, तुझी मैत्रीण पाणी विकायली का काय. मी व्हय म्हटलं.

याचा उपयोग काय, असं तुझ्या बाबांनी विचारलं तेव्हा तू सांगितलं होतंस, की गाडीच्या शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये हे द्रव भरलं तर खड्डा येईल तसं ते घट्ट किंवा पातळ करता येईल. बाबा म्हणाले, “म्हंजे माहूरचा घाट बी सरळ वाटंन का?” तू म्हणालीस, वाटेल. त्यांनी तेव्हापासून आपलं काम कधीही फालतू मानलं नाही. सेवानिवृत्त झालेले ते कंडक्टर परवाही मला विचारत होते, की ते तेल कुठवर आलं.

पण त्या उन्हाळ्याकडं येते. घरोघरी तेव्हा पाण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. तांदळाचं धुवण भांड्याला, भांड्याचं झाडाला, अंघोळीचं फरशीला. टाकून देणं हा शब्दच लातूरनं सोडला होता. तू ही पायरी प्रयोगशाळेत आणलीस. आधीच्या घाण्याचं धुवण फेकायचं नाही, त्यातच पुढच्या घाण्याचा लोखंडाचा क्षार विरघळवायचा. मी म्हटलं, हे चूक आहे, त्या पाण्यात नवसागर आहे. तू म्हणालीस, “नवसागर त शेवटी यायचाच हाये त्यात. आधी आला त काय बिघडलं?” दुष्काळात राहिलेल्या बाईलाच सुचेल असा हिशेब. मला तो पटलासुद्धा, कारण मीही त्याच शहरात तांदळाचं धुवण जपून ठेवत होते. मग जोडून सुट्या आल्या, तू माहूरला गेलीस, आणि ते क्षार घातलेले कॅन वऱ्हांड्यात पडून राहिले. लातूरचं ते ऊन. आतलं पाणी रोज तापायचं, रोज निवायचं.

तू आल्यावर त्याच पाण्यातून पुढचा घाणा काढला. नेहमीसारखा काळाच. आपल्या बारीक काचेच्या नळीत तो भरला. नळीभोवती ती मोटर-रिवायंडिंगवाल्याकडून गुंडाळून आणलेली तारेची कॉइल. वीज सुरू केली, कॉइलचं चुंबक झालं, आणि धार अडली. नेहमी धार जरा मंदावायची, ही अडलीच. तू माझ्याकडं बघितलंस, मी कॉइलकडं. मला वाटलं, नळीत कचरा अडकला. नळी बदलली, पुन्हा तेच झालं.

तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता, की तो मी विसरणार नाही. एवढा आनंद मी लग्नमांडवातसुद्धा कोणाच्या तोंडावर बघितलेला नाही.

हैदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवलेल्या त्या कणांचा फोटो आला तेव्हा तू नांदेडला होतीस, मी लातूरला. दोघींनी तो आपापल्या पडद्यावर उघडला आणि फोन केला. तू म्हणालीस, “पाह्यलं? काड्या हायेत!” मी त्याच वेळी म्हणाले, “बघितलंस? जुड्या झाल्यात.” फोटो एकच होता. नेहमी आपले कण गोल यायचे, बारीक ज्वारीसारखे. इथं ते लांबट होते, टोकदार. आणि ते एकेकटे नव्हते, एकमेकांना चिकटून, शेजारी शेजारी जुड्या करून पडले होते. तुला काड्या दिसल्या, मला जुड्या. झालं, तिथून जे भांडण लागलं ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.

तुझं म्हणणं: आकार. कण लांबट असला की चुंबकापुढं तो टाचणीसारखा एका दिशेला उभा राहतो, शेजारच्या काडीला धरतो, आणि वाहणाऱ्या द्रवाला आडवा येतो. गोल कणांचीही माळ होते, पण ती सुटायला वेळ लागत नाही. माझं म्हणणं: कण कसे रचले गेलेत ते महत्त्वाचं. त्या उष्ट्या पाण्यातल्या नवसागरामुळं कणांचं एकमेकांपासून लांब राहणं संपलं, ते चिकटले, जुड्या झाल्या, आणि घट्टपणा त्या जुड्यांचा. कण गोल असते तरी हेच झालं असतं. म्हणजे, तुझा शोध हा नीट न धुतल्याचा परिणाम, असं मी म्हणत होते. तुला राग येणं साहजिक होतं.

एकदा तू समजावायला गावाकडची गोष्ट काढलीस. “ज्वारीची रास हातात घेतली त सांडते. कडब्याची पेंढी उभी राहते. का? काडी हाये म्हणून.”

“काडी हाय म्हणून न्हाई,” मी म्हटलं. “बांधली म्हणून. सोड बंद, पेंढी पडती का न्हाई बघ.”

तू म्हणालीस, “बरं. मंग तू दाण्यायची पेंढी बांधून दाखव.”

हे काही भौतिकशास्त्र नव्हे, असं म्हणून मी चहा आणायला गेले. वर्षानुवर्षं तू ते वाक्य मला ऐकवलंस. लग्नात, सेमिनारमध्ये, माझ्या पोरीच्या बारशात. आपण चार बाटल्या करायच्या ठरवल्या होत्या. गोल कण, धुतलेले आणि न धुतलेले. लांबट कण, धुतलेले आणि न धुतलेले. एवढं केलं की भांडण संपलं. ते काम आपण कधीच केलं नाही. कधी तुझी परीक्षांची ड्युटी, कधी माझं घर. आता वाटतं, आपल्याला ते संपवायचंच नव्हतं. भांडण संपलं असतं तर नांदेड-लातूर फोन कशासाठी झाले असते?

आकारानं फरक पडतो, हे तुला कोणत्या यंत्रानं शिकवलेलं नव्हतं. तू नकाशा पुढं करायचीस. “हे पाहाय, नांदेड जिल्हा. अन् हे टोक, इथं मी जन्मले. एक शिक्का आणायला माझा बाप अर्धी रात्र प्रवास करून जाये, साहेब नसला की वापस. हेच गाव जिल्ह्याच्या मधात असतं त? मानसं तेच, आफिस तेच. फक्त आकार.” तुला तिकडं वेगळा जिल्हा हवा होता. मी तुला चिडवायची, की आमचा लातूर झाला की नवा जिल्हा, माझ्या बापानं पेढे वाटले, पण नळाला पाणी काही आलं नाही. जिल्हा कापून पाऊस पडत नसतो. तू म्हणायचीस, “पाऊस न्हाई पडत. पण तुझा बाप आफिसातून जेवणाच्या टायमाला घरी येते.” हे खरं होतं. उस्मानाबादला खेटे घालणारे माझे वडील जिल्हा झाल्यावर दुपारी घरी जेवायला लागले, आणि माझ्या गणिताच्या वह्या तपासायला त्यांना वेळ मिळाला. मी भौतिकशास्त्राकडं गेले त्यात ह्याचा वाटा आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू लगेच मुद्दा जिंकल्यासारखी हसली असतीस.

आणि तुझं ते खोडणं. आपला निबंध इंग्रजीत, पण तू खोडताना मराठीत बोलायचीस. मी लिहायची, असं कदाचित होत असावं. तू पेन घ्यायचीस आणि ‘कदाचित’वर रेघ. “होते का न्हाई ते सांग. कदाचित म्हणजे घाबरली.” माझ्या प्रत्येक कच्च्या प्रतीवर तुझ्या रेघा आहेत. शेवटच्या भेटीत, नांदेडच्या दवाखान्यात, मी तुझा हात हातात घेऊन म्हटलं, कदाचित दिवाळीला घरी जाशील. तुला बोलायला त्रास होत होता. तू दुसऱ्या हाताचं बोट उचललंस आणि हवेत एक आडवी रेघ ओढलीस. नर्सला वाटलं तुला काही हवंय. मला कळलं. तुला माहीत होतं, आणि मला ते माहीत नसल्याचं सोंग तुला नको होतं. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की तू माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहेस. मी म्हणाले, पाणी देऊ का.

तर, माहूरहून आल्यावर मी कपाट उघडलं. तुझा कॅन तिथंच होता, त्यावर मार्करनं तुझ्या अक्षरात ‘टाकू नये. प्र.’ त्या उन्हाळ्यातलं, क्षार घातलेलं, तापून तापून पिकलेलं पाणी. लातूरमध्ये कोणी पाणी टाकत नाही, म्हणून तो एवढी वर्षं टिकला. लांबट कण करायला नवं पाणीही चाललं असतं, पुस्तकात रीत दिली आहे. पण मला तुझंच हवं होतं. कॅन हलवला. तळाला पिवळसर गाळ होता. क्षाराचं पाणी उन्हात तापून बनलेले लांबट कण, तुझ्या काड्यांचं बियाणं ते.

चार बाटल्या भरल्या. आता नळाला पाणी आहे, यंत्र चालू आहे. धुवायच्या त्या बाटल्या मी अशा धुतल्या, की तू म्हणाली असतीस, बाई, उधळपट्टी. न धुवायच्या तशाच नवसागराच्या पाण्यात ठेवल्या.

पहिली बाटली, गोल आणि धुतलेले कण. कॉइल सुरू केली, धार जराशी मंदावली. आपली जुनी ओळखीची.

दुसरी, गोल आणि न धुतलेले. हीच माझी बाटली. माझं म्हणणं खरं असेल तर इथं धार अडायला हवी होती. सकाळी बघते तर अर्धं काळं तळाला बसलेलं. गुठळ्या झाल्या होत्या, हव्या तेवढ्या. हलवून नळीत भरलं, वीज सोडली. धार अडखळली, आणि मग गेली वाहून. पुन्हा केलं. पुन्हा वाहून गेली. प्रज्ञा, मी दाण्यांची पेंढी बांधायला गेले होते. ती बांधली गेली नाही.

तिसरी, लांबट आणि स्वच्छ धुतलेले. नवसागराचा मागमूस नाही, काही बांधलेलं नाही, नुसत्या काड्या. धार थांबली नाही, पण इतकी मंदावली की थेंबाथेंबानं यायला लागली. आकार. नुसता आकार.

चौथी, लांबट आणि न धुतलेले. त्या उन्हाळ्यासारखीच धार अडली. आणि वीज बंद केल्यावरही काही वेळ सुटेना.

मी स्टुलावर बसून राहिले. फोन हातात घेतला, तुझं नावही काढलं, आणि मग आठवलं. हा सगळ्यात वाईट क्षण होता. दवाखान्यापेक्षा, जलदानापेक्षा. हरल्याचं सांगायला माणूस नाही, ह्यासारखं ओझं नाही.

मग मी तुझ्या आईला फोन लावला. म्हटलं, माय, भांडण मिटलं. प्रज्ञाचं खरं निघालं. त्या म्हणाल्या, “पूरं खरं?” मी म्हटलं, पूर्ण नाही, पण बरंचसं. तर तुझी आई काय म्हणाली माहीत आहे? “हाव, पूरं न्हाई म्हनशीनच तू. ती सांगून गेली हाये मले.” आणि हसल्या. तू गेल्यापासून त्या हसल्या नसतील. मागून बाबांचा आवाज आला, “घाटाचं विचार.” मी सांगितलं, की बाबा, बिघडलेलं नाही, काम पुढं चालू आहे. आणि ते चालू राहणार आहे. जुड्या कशा सुटतात ते अजून मला बघायचं आहे. तुझ्या काड्या घाटात वळणावर घट्ट झाल्या आणि सरळ रस्त्यावर सुटल्याच नाहीत तर तुझे बाबा मला सोडणार नाहीत.

काल निबंध पूर्ण केला. नावांमध्ये तुझं आधी, माझं नंतर. शेवटी दोन वाक्यं आहेत. पहिलं तुझं: ह्या द्रवाचं चुंबकापुढं घट्ट होणं मुख्यतः कणांच्या लांबट आकारामुळं आहे. त्यात ‘कदाचित’ नाही. ‘मुख्यतः’ माझं आहे, तेवढं चालवून घे.

दुसरं वाक्य माझं: लांबट कणांच्या जुड्या झाल्यानं हा घट्टपणा कदाचित आणखी वाढतो. ते लिहून मी प्रत टेबलाच्या तुझ्या बाजूला सरकवली, सवयीनं, आणि शेजारी पेन ठेवलं. सकाळी प्रत होती तशीच होती. आज ती पाठवली. ‘कदाचित’ तसंच गेलं.